दोन पाट्या

धाराशिवच्या जुन्या बाजारपेठेत, मधली तीन दुकाने सोडून, एकाच आडनावाच्या दोन पाट्या आजही दिसतात. आडनावाखाली पूर्वी टीव्ही बनविणाऱ्या दोन निरनिराळ्या कंपन्यांची नावे होती. त्यांपैकी एक कंपनी कधीच बंद पडली. दुसरीचे नाव राहिले, मालक बदलले. पाट्यांचे धनी असलेले दोघे सख्खे भाऊ मात्र तीस वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. दरवर्षी संवत्सरीला दोघे स्थानकात समोरासमोर येत, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडले की मागील पानावरून पुढे चालू होई.

काही वर्षांपूर्वी धाकट्यांनी दुकान भाड्याने दिले आणि ते मुलाकडे पुण्यास राहावयास गेले. पाटी उतरविण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. थोरल्यांचे दुकान आता त्यांचा मुलगा सांभाळतो. वयाची ऐंशी उलटलेले थोरले सकाळी दोन तास गादीवर बसतात आणि संध्याकाळी घरी माळ घेऊन बसतात.

अशाच एका संध्याकाळी आतल्या खोलीतून नातवाचा चढलेला आवाज आला. दहावीतला हा नातू कानाला हेडफोन लावून टीव्हीसमोर बसला होता. मामाने दिलेले प्लेस्टेशन समोर होते. "तुमची कंपनी लबाड आहे. आमची कंपनी बघ!" असे तो कोणाला तरी सांगत होता. 'आमची कंपनी' हे दोन शब्द थोरल्यांच्या कानाला खटकले. ते आत गेले आणि त्यांनी शांतपणे विचारले, "या कंपनीचे शेअर्स आपल्याकडे आहेत का?"

"नाही, आजोबा."

"मग ती आमची कशी?"

नातवाला उत्तर सुचले नाही, म्हणून त्याने इतिहास सांगावयास घेतला. पुढील चार-सहा संध्याकाळी तो सांगत राहिला आणि थोरले एखाद्या पेढीची जुनी वही तपासावी तसे ऐकत राहिले.

निन्टेंडो ही जपानमधील क्योतो शहराची कंपनी. १८८९ मध्ये ती सुरू झाली ती खेळण्याचे पत्ते विकण्यासाठी. १९८३ मध्ये तिने टीव्हीला जोडून खेळावयाचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानमध्ये आणले आणि १९८५ पासून ते दुसऱ्या नावाने अमेरिकेत विकले जाऊ लागले. नव्वदच्या दशकात आपल्याकडील लहान गावांतून 'टीव्ही गेम' म्हणून जी स्वस्त यंत्रे विकली जात, त्यांतील पुष्कळशी याच यंत्राच्या नकला होत्या. थोरल्यांनी स्वतः ती विकली होती. मूळ मालाचा धनी कोण, हे त्यांना या वयात नातवाकडून कळले.

या धंद्याचे गणित त्यांना लगेच उमगले. यंत्र जवळजवळ मुद्दलात, प्रसंगी तोट्यातही विकावयाचे आणि नफा त्यावर चालणाऱ्या खेळांतून काढावयाचा. खेळ दुसऱ्या कोणी तयार केला, तरी त्याच्या विक्रीतील हिस्सा यंत्राच्या मालकाला मिळतो. किराणा दुकानदार साखर खरेदीच्या भावात देतो आणि कमाई काजू-वेलदोड्यात काढतो, तसेच हे. फरक इतकाच, की किराणा दुकानाचे गिऱ्हाईक वेलदोडे शेजारच्या दुकानातून घेऊ शकते. येथे एका कंपनीचा खेळ दुसरीच्या यंत्रावर चालत नाही. एकदा यंत्र घेतले की गिऱ्हाईक बांधले गेले.

निन्टेंडोच्या या बांधलेल्या बाजारपेठेत सेगा ही दुसरी जपानी कंपनी शिरली. १९८९ मध्ये तिने अमेरिकेत आपले नवे यंत्र आणले आणि जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन त्याची टर उडविली. निन्टेंडोचा मारिओ हा मिशीवाला नळकाम करणारा गडी. त्याच्यासमोर सेगाने १९९१ मध्ये सोनिक हा निळा, चपळ साळू उभा केला, यंत्राची किंमत उतरविली आणि सोनिकचा खेळ यंत्राबरोबरच देऊ केला. अमेरिकेतील शाळांच्या आवारात मुलांचे दोन तट पडले. निन्टेंडोवाले आणि सेगावाले.

त्याच वर्षी आणखी एक प्रकार घडला. सोनी आणि निन्टेंडो यांचे मिळून एक यंत्र काढण्याचे ठरले होते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने त्याच प्रदर्शनात फिलिप्सबरोबर भागीदारी जाहीर केली. भर बाजारात पाठ फिरविलेल्या सोनीने मग स्वतःचेच यंत्र काढण्याचे मनावर घेतले. डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आलेले प्लेस्टेशन ते हेच. त्याच्या पुढच्या पिढीची, प्लेस्टेशन-२ ची, जगभरात १५ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली.

"भागीदार दुखावला की तो शेजारी दुकान टाकतो," थोरले म्हणाले. मग काही वेळ ते काही बोलले नाहीत.

सेगाची हकिगत ऐकताना मात्र त्यांना राग आला. तिचे 'सॅटर्न' हे नवे यंत्र अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ रोजी यावयाचे होते. कंपनीने ११ मे रोजीच एका प्रदर्शनात सांगितले, की माल दुकानांत पोहोचला असून किंमत ३९९ डॉलर आहे. हा माल फक्त चार निवडक दुकान-साखळ्यांना दिला होता. बाकीच्या व्यापाऱ्यांना बातमी जगाबरोबरच कळली. त्यांतील के-बी टॉईज या साखळीने सॅटर्न ठेवण्याचेच बंद केले. त्याच दिवशी सोनीच्या माणसाने व्यासपीठावर जाऊन आपल्या प्लेस्टेशनची किंमत सांगितली, २९९ डॉलर, आणि तो खाली उतरला. त्यापूर्वी सहाच महिने सेगाने जुन्या यंत्राला लावण्याचे एक महागडे जोडयंत्र विकले होते. तेही आता निरुपयोगी ठरले. सेगावाल्या मुलांच्या बापांचे पैसे पाण्यात गेले.

"दुकानदाराला अंधारात ठेवणाऱ्याचे पुढे काय झाले?" थोरल्यांनी विचारले. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रे बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. दहा वर्षांपूर्वी तिच्यासाठी भांडणारी मुले होती. ऐन वेळी त्यांतील फारच थोडी मागे उभी राहिली. ग्राहकाचा विश्वास ही मागणी-ठेव आहे, मुदत-ठेव नव्हे. ती कोणत्याही दिवशी, कोणतीही सूचना न देता काढून घेता येते.

ही ठेव राखणारेही होते. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या अखेरीस एक्सबॉक्स हे यंत्र आणून या बाजारात पाऊल टाकले. तिचे पुढचे यंत्र, एक्सबॉक्स-३६०, सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आले तेव्हा अक्षयकुमार आणि युवराजसिंग यांनी त्याची जाहिरात केली होती. ही यंत्रे फार मोठ्या संख्येने बिघडू लागली. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या बिघाडाची हमी तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. वापरलेले खेळ दुसऱ्याला देण्यावर निर्बंध घालण्याचे तिने २०१३ च्या जूनमध्ये ठरविले, तेव्हा लोक खवळले. काही दिवसांतच तिने तो निर्णय मागे घेतला. चूक कबूल करून पदराला खार लावून घेणारा व्यापारी थोरल्यांना नेहमीच आवडत आला आहे. "ही तर तुझ्या विरोधातली कंपनी ना?" असे ते म्हणाले, तेव्हा नातू गडबडला.

खरा प्रश्न याच्या पुढचा होता. कंपन्या नफ्यासाठी भांडतात, हे समजण्यासारखे आहे; गिऱ्हाईक कशासाठी भांडते? याचे उत्तर थोरल्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१९८९ पर्यंत दोघा भावांचे दुकान एकच होते. वडिलांनी रेडिओ दुरुस्तीपासून ते उभे केले होते. थोरल्यांचा जीव जुन्या कंपनीत होता. धाकट्यांनी नव्या कंपनीची एजन्सी आणली. तिची अट अशी, की दुकानात दुसऱ्या कोणाचा माल नको. म्हणून तीन दुकाने सोडून दुसरा गाळा घेतला. बँकेतील खाते एकच राहिले, दिवाळीचे वहीपूजनही एकत्रच होई.

ढोकीच्या तेरणा कारखान्याचे उसाचे बिल हाती पडले किंवा लग्नसराई जवळ आली, की तेर, बेंबळी, येडशीकडची गिऱ्हाइके टीव्ही घ्यावयास येत. एकदा तेरच्या एका शेतकऱ्याने सहज सांगितले, की धाकट्या भाऊंनी तीनशे रुपये कमी सांगितले आहेत. थोरले म्हणाले, "तो माल टिकत नाही." ते त्यांनी तपासलेले नव्हते. परंतु गोदामात जुन्या कंपनीचे पन्नास संच पडून होते, त्यांवर बँकेचे व्याज चढत होते, आणि शेजारच्या मालाला चांगले म्हणणे म्हणजे आपल्याच गोदामाला आग लावण्यासारखे होते. शेतकऱ्याने ते वाक्य तीन दुकाने पलीकडे नेले. तिकडून "थोरल्यांकडे जुना साठा आहे," असे उत्तर आले. 'माल टिकत नाही' याचे 'शब्द टिकत नाही' झाले, आणि त्याचे 'माणूस टिकत नाही' होण्यास दोन हंगामही लागले नाहीत. खाते वेगळे झाले. वह्या वेगळ्या झाल्या. घरातील बायकांनी जाणे-येणे ठेवले म्हणून मुले एकमेकांना ओळखत राहिली, एवढेच.

नातवाचेही तेच होते. प्लेस्टेशन-५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. इतकी रक्कम एका यंत्रात अडकली, की ती योग्य जागी अडकली असे स्वतःला रोज पटवावे लागते. दुसऱ्याने दुसरे यंत्र घेतले, ही गोष्ट मग आपल्या अकलेवर ठेवलेले बोट वाटू लागते. त्यातील काही भाग अडकलेल्या भांडवलाचा, काही सवयीचा आणि मित्रमंडळींचा, आणि उरलेला थोडासा खऱ्या विश्वासाचा. या सर्वांना मिळून आपण निष्ठा म्हणतो.

"त्या निन्टेंडो आणि सेगाचे भांडण मिटले का?" शेवटच्या संध्याकाळी थोरल्यांनी विचारले.

ते केव्हाच मिटले होते. यंत्रे बंद केली त्याच वर्षाच्या डिसेंबरात सेगाचा सोनिक जपानमध्ये निन्टेंडोच्या यंत्रावर आला. २००७ मध्ये तर मारिओ आणि सोनिक एकाच ऑलिंपिकच्या खेळात शेजारी शेजारी धावले. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०१९ मध्ये परस्पर सहकार्याचा करार जाहीर केला, आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे काही खेळ सोनीच्या यंत्रावर विकावयास दिले.

"म्हणजे कंपन्या बोलतात. भांडतो ते आपण," थोरले म्हणाले. दुकानात तर रोज हेच दिसत होते. मुलाने एकाच फळीवर सहा कंपन्यांचे टीव्ही लावले आहेत आणि कोणत्याही कंपनीची त्याला हरकत नाही.

नातू हेडफोन चढवू लागला. त्यांनी विचारले, "रोज भांडतोस तो आहे तरी कोण?"

नातवाने पुण्याच्या काकांच्या मुलाचे नाव सांगितले. धाकट्यांचा नातू. त्याच्याकडे एक्सबॉक्स होते. पूर्वी या दोन यंत्रांवरून एकमेकांशी खेळता येत नसे. सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीने 'फोर्टनाइट' या खेळापासून ती अडचण दूर करावयास सुरुवात केली. तेव्हापासून धाराशिवचा एक मुलगा आणि पुण्याचा एक मुलगा दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच संघातून खेळू शकतात. हे दोघे अर्धा तास कंपन्यांवरून भांडत आणि मग दोन तास एकमेकांना सांभाळीत खेळत.

थोरल्यांनी हात पुढे केला. नातवाने हेडफोन त्यांच्या कानांना लावून दिला. पलीकडचा मुलगा त्यांचा आवाज ऐकून गप्प झाला.

"तुझे आजोबा घरात आहेत का? त्यांना दे."

बराच वेळ पलीकडून नुसती टीव्हीची खरखर ऐकू येत होती. मग कोणीतरी खाकरले. ती खाकर थोरल्यांनी लगेच ओळखली.

"लक्ष्मीपूजनाला ये," ते म्हणाले. "वही आणली आहे. 'श्री' काढताना आता माझा हात थरथरतो."

वेगळे होण्यापूर्वी दरवर्षी वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढण्याचे काम धाकट्यांचे असे. त्यांचे अक्षर वडिलांच्या वळणाचे होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी पुण्याची गाडी बाजारपेठेच्या तोंडाशी थांबली. धाकटे काठी टेकीत आले, आपल्या जुन्या गाळ्यासमोर क्षणभर थांबले, तीन दुकाने ओलांडून पायरी चढले आणि गादीवर बसले. आत दोन्ही नातू कोणते यंत्र चांगले यावर हुज्जत घालीत होते. थोरल्यांनी वही उघडून पुढे सरकविली आणि कुंकवाची वाटी जवळ केली. धाकट्यांनी चष्मा पुसला, लेखणी बुडविली, आणि पानाच्या मधोमध पहिला 'श्री' काढला.