गज, गेंडा आणि सिंह यांच्या प्रदेशात

स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’ आणि हुंडीला हुंडीच. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपले शब्द असे सहज भेटतात, कारण ते आपल्या व्यापाऱ्यांच्या वखारींतून तेथे पोहोचले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जामनगरजवळच्या हालार प्रांतातील ओसवाल कुटुंबे समुद्रमार्गे मोंबासाला उतरली आणि पुढे नैरोबीपर्यंत पसरली. आज मोंबासात संगमरवरी देरासर आहे. नैरोबीत कांदा-लसणाविना भोजनाची सोय अवघड नाही. भूमध्यरेषा जवळ असल्याने तेथे बारा महिने साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अभयारण्यांतील भ्रमंतीही त्याच वेळी संपते. त्यामुळे आमच्या चमूतील चौविहार पाळणाऱ्यांना या प्रवासात कोणताच त्रास झाला नाही.

परंतु आम्ही गेलो होतो ते वस्ती पाहण्यासाठी नव्हे. मंदिरात मूर्तीच्या आसनावर कोरलेली जी चिन्हे आपण लहानपणापासून पाहतो, त्यांतील कित्येक प्राणी या भूमीवर मोकळे फिरतात. ते पाहावेत, ही आमची मुख्य इच्छा होती.

टांझानियातील अरुशा शहरातून निघाल्यावर काही तासांनी रस्ता दाट, ओल्या अरण्यातून चढू लागतो. चढ संपतो तेथे नगोरोंगोरोचा काठ येतो. पहाटे पोहोचलो तेव्हा खाली केवळ धुके होते. ते हळूहळू विरले आणि पायांखाली सुमारे सहाशे मीटर खोल एक संपूर्ण जग उघडले. वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी एका प्रचंड ज्वालामुखीचा माथा आतल्या आत कोसळला आणि हे पात्र तयार झाले. त्याचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे आणि सभोवती न तुटलेली डोंगराची भिंत आहे. मध्यभागी मगाडी नावाचे खारे सरोवर असून त्याची कड गुलाबी दिसत होती. दुर्बीण लावल्यावर कळले की ती कड म्हणजे सहस्रावधी रोहित पक्षी होते.

तळाशी उतरल्यावर प्रथम रानरेडे दिसले. जड शिंगे कपाळावर मुकुटासारखी मिरवीत ते आमच्याकडे रोखून पाहत उभे होते. कोणीतरी हळूच म्हणाले, “वासुपूज्य भगवान.” मग तो खेळच झाला. पिवळ्या सालीच्या बाभळींच्या लेराई वनात एक वृद्ध हत्ती एकटाच चरत होता, त्याचे दात जवळजवळ जमिनीला टेकले होते. अजितनाथ! दूर गवतात एक काळा ठिपका बराच वेळ निश्चल होता. वाटाड्याने तो काळा गेंडा असल्याचे सांगितले. श्रेयांसनाथ! आपल्याकडील गेंड्याला एक शिंग, याला दोन. त्या शिंगांपायीच ही जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आली आणि आज येथील प्रत्येक गेंड्यावर रक्षकांची नजर असते. एका ओढ्याकाठी सिंहांचे कुटुंब सावलीत पहुडले होते. तेथे मात्र नाव घ्यावे लागले नाही. सर्वांचे हात आपोआप जोडले गेले.

नगोरोंगोरोच्या पश्चिमेला भूमी सपाट होते आणि सेरेंगेटीचे मैदान सुरू होते. मासाई भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ, जेथे भूमी अखंड पुढे जात राहते अशी जागा. या मैदानावर दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पावसामागोमाग वर्षभर चक्राकार फिरत असतात. त्यांच्यासोबत झेब्रे आणि हरणे असतात. जानेवारी ते मार्च या काळात ती दक्षिणेकडील न्दुतूच्या परिसरात असतात, कारण पूर्वेकडील ज्वालामुखींच्या राखेने तेथील आखूड गवतात चुना आणि स्फुरद भरपूर उतरलेले असते. दूध पाजणाऱ्या मातांना हेच हवे असते. ‘ओल दोइन्यो लेंगाई’, म्हणजे देवाचा डोंगर, हा त्यांपैकी एक ज्वालामुखी आजही जागा आहे.

आम्ही गेलो ते फेब्रुवारीत. दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत तेथे लाखो वासरे जन्मतात. एका मादीने आमच्या डोळ्यांदेखत वासरू टाकले. ते उठले, कोसळले, पुन्हा उठले आणि काही मिनिटांत आईच्या पोटाशी लागून धावूही लागले. गाडीत बसलेल्या आयाबायांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच सकाळी, तेथून थोड्याच अंतरावर, एका सिंहिणीने असेच एक वासरू धरले. सगळे काही क्षणांत आटोपले. त्याची आई थोडी दूर जाऊन थांबली, वळून पाहिले, पुन्हा दोन पावले मागे आली आणि मग कळपात मिसळली. आमच्यातील एका वयोवृद्ध काकूंनी डोळे मिटून नवकार म्हणायला प्रारंभ केला. त्यांच्या नातवाने विचारले, “आजी, सिंहाला पाप लागते का?”

या प्रश्नावर त्या दिवशी बराच ऊहापोह झाला. हिंसा ती हिंसाच, निसर्गात घडली म्हणून ती पुण्य ठरत नाही, असे काकूंचे म्हणणे होते आणि ते शास्त्राला धरूनच आहे. तिर्यंच गतीतील जीवही कर्म बांधतो. परंतु त्याच शास्त्रात आशाही आहे. दिगंबर पुराणांत भगवान महावीरांच्या पूर्वभवांत एका सिंहाची कथा येते. हरणाची शिकार करणाऱ्या त्या सिंहाला दोन चारण मुनी बोध करतात, त्याला पूर्वजन्मांचे स्मरण होते आणि तो हिंसा सोडून व्रतस्थ होतो. काकूंनी ती कथा नातवाला तेथेच सांगितली. दुपारी ती सिंहीण बाभळीखाली झोपी गेली होती आणि झेब्र्यांची रांग तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून गेली तरी तिने मान उचलली नाही. तिची हिंसा भुकेएवढी होती. तिच्याजवळ कोठार नव्हते.

प्रवासाचा शेवटचा टप्पा केनियातील अंबोसेली हा होता. येथून दक्षिणेला, सीमेपलीकडे, किलिमांजारो दिसतो. उंची ५,८९५ मीटर, आफ्रिकेतील सर्वोच्च पर्वत. दिवसभर तो मेघांत दडून असतो आणि पहाटे काही काळ बर्फाचा माथा दाखवतो. त्या पर्वतावरून भूगर्भात झिरपलेले पाणी अंबोसेलीत दलदलीच्या रूपाने वर येते, म्हणून आसपास धूळ उडत असतानाही हत्तींना येथे हिरवे गवत मिळते.

अंबोसेलीच्या हत्तींचा अभ्यास सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये सुरू केला आणि तो आजतागायत चालू आहे. येथील कळपाची धुरा सर्वांत अनुभवी मादीकडे असते. दुष्काळात पाणी कोठे मिळेल हे तिला आठवते. बावीस महिने गर्भ वाहिल्यावर जन्मलेल्या पिलाला साऱ्या मावश्या-आज्या सांभाळतात. आम्ही पाहिलेल्या कळपाने पिलांना मध्ये घेऊन रस्ता ओलांडला आणि शेवटचे पिलू पार होईपर्यंत म्हातारी हत्तीण आमच्या गाडीसमोर उभी राहिली. मृत हत्तीची हाडे आढळली की हत्ती थांबतात, कवटीला आणि दातांना सोंडेने स्पर्श करतात, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे.

या हत्तींवर खरे संकट आणले ते बाजाराने. दाताचा सुमारे तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. तो पूर्ण काढायचा तर हत्ती मारावाच लागतो. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचा हस्तिदंत जहाजांनी मुंबईस येई, काही पुढे युरोप-चीनकडे जाई आणि काही येथेच वधूच्या चुड्यासाठी, डब्यांसाठी, मूर्तींसाठी राही. विसाव्या शतकात मागणी इतकी वाढली की १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत असलेल्या सुमारे १३ लाख हत्तींपैकी दहा वर्षांनी जेमतेम निम्मे उरले. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. आपल्या देशानेही १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद केला.

येथे आपल्या पूर्वाचार्यांची दृष्टी किती दूरची होती ते जाणवते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ स्पष्टपणे सांगितले आहे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणी ही यादी येते. आचार्यांनी ‘हत्ती मारू नका’ एवढेच सांगून विषय संपविला नाही. दात विकत घेणारा आणि विकणारा यांच्यापर्यंत त्यांनी हिंसेची साखळी मोजली. पेढीवर बसलेला माणूस शस्त्र उचलत नाही, तरीही त्याच्या वहीतील एका नोंदीने दूर कोठेतरी शस्त्र उचलले जाते, हे त्यांनी ओळखले होते.

नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात एक साधी जागा आहे. १८ जुलै १९८९ रोजी राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी तेथे जप्त केलेला १२ टन हस्तिदंत जाळला. २०१६ मध्ये त्याच उद्यानात १०५ टन हस्तिदंताची होळी झाली. कोट्यवधींचा माल एका गरीब देशाने भस्मसात केला, कारण तो विकला असता तर मागणी जिवंत राहिली असती. काकूंच्या नातवाने राखेच्या ढिगाकडे पाहून विचारले, “एवढे पैसे फुकट गेले?” त्याच्या वडिलांची मोठी पेढी आहे. ते म्हणाले, “नाही, हा तोटा नव्हे. हे प्रायश्चित्त आहे.”

देवळात ज्या प्राण्यांच्या चिन्हांसमोर आपण रोज मस्तक नमवितो, त्यांच्या जिवंत वंशजांचे भवितव्य आपण काय विकत घेतो आणि काय विकतो यावरही अवलंबून आहे. हस्तिदंत बंद झाला, पण शिंगे, कातडी, कस्तुरी, शहामृगाची पिसे, रेशीम, असे अनेक पदार्थ आजही बाजारात आहेत. ज्या कुटुंबांना आफ्रिकेची यात्रा शक्य असेल त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. आणि परतल्यावर एक दिवस त्यांच्यासह आपल्या दुकानातील मालाची यादी पंधरा कर्मादानांशी ताडून पाहावी.

जय जिनेंद्र.