गाणं आधी, सिनेमा नंतर

'शोले'तली ती माऊथ ऑर्गनची धून कुणी नुसती शिट्टीवर वाजवली तरी तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पायरीवर बसलेला अमिताभ आणि समोरच्या हवेलीत एकेक दिवा मालवत जाणारी जया. बरोबर ना? आमच्या विंगमधल्या अकरा जणींवर मी हा प्रयोग करून पाहिला. त्यातल्या तिघींनी अख्खा 'शोले' कधी पाहिलेलाच नाही. तरी अकराच्या अकरा जणींना दिवाच दिसला! आर. डी. बर्मनच्या वाद्यवृंदातल्या भानू गुप्तांनी १९७५ साली ती धून वाजवली. पण ते बिचारे कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाहीत.

आता यात तसं नवल काही नाही. आपल्याकडे गाणं सीनसाठीच बनतं, तेव्हा ते सीनला चिकटलं तर बिघडलं कुठे? मला सांगायचंय ते याच्या उलटं आहे. कधी कधी गाणं आधी आपल्या घरी येऊन राहतं. वर्षानुवर्षं आपलंच असतं. आणि मग एके दिवशी सिनेमा दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "हे माझं आहे."

मी कॉन्व्हेंटची. (या लेखातल्या शुद्धलेखनाचं क्रेडिट माझ्या रूममेटला. ती लातूरची आहे आणि ऱ्हस्व-दीर्घावरून जीव घेते.) आमच्या शाळेत रोज सकाळी पटांगणावर असेंब्ली व्हायची. उंचीप्रमाणे रांगा, पॉलिश केलेले काळे बूट, पेटीवर म्युझिकचे सर आणि मागून फिरणाऱ्या सिस्टर. आधी एक इंग्लिश हिम, मग हिंदी प्रार्थना. प्रार्थना तीनच होत्या, आलटून पालटून. आमच्या भाषेत त्यांची नावं 'ऐ मालिक', 'हमको मन की' आणि 'इतनी शक्ती'. दहा वर्षं रोज म्हटल्या, पण निम्म्या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता. माझी ठाम समजूत होती की शाळांसाठी प्रार्थना लिहिणारं एखादं सरकारी खातं असणार. या तिन्ही प्रार्थना सिनेमातल्या आहेत हे मला कळलं तेव्हा मी अकरावीत होते. आजी म्हणाली, "अगं, म्हणजे तुझ्या त्या सिस्टर रोज पिक्चरची गाणीच म्हणून घेत होत्या की!"

त्यातली 'हमको मन की' सगळ्यात निरुपद्रवी. ती 'गुड्डी'तली (१९७१). गुलजारांचे शब्द, वसंत देसाईंचं संगीत आणि वाणी जयरामचा आवाज. गंमत म्हणजे सिनेमातही ती शाळेतच आहे, अगदी सुरुवातीला, आणि आपली दिवे मालवणारी जया तिथे गणवेशात आहे, शाळेला उशीर झालेली. म्हणजे इथे सिनेमानं माझं काही नेलं नाही. माझ्याच रांगेत अजून एक मुलगी येऊन उभी राहिली, एवढंच.

'ऐ मालिक'चं तसं नाही. ती व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'मधली, १९५७ची. शब्द भरत व्यासांचे, संगीत पुन्हा वसंत देसाईंचं. (कोकणातल्या या माणसानं आमच्या असेंब्लीचा दोन तृतीयांश भाग सांभाळला होता आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं!) सिनेमात सहा खुनी कैदी आहेत. एक जेलर त्यांना तुरुंगातून काढून माळरानावर शेती करायला घेऊन जातो, भिंतीशिवाय आणि बेड्यांशिवाय. कथा गदिमांची आणि तिच्यामागे खरी घटना आहे. औंध संस्थानात १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गदिमा त्याच मुलखातले, माडगूळ आटपाडी तालुक्यातलंच. आणि ही कल्पना औंधच्या राजेसाहेबांपुढे मांडणारा माणूस कोण होता माहितीये? मॉरिस फ्रीडमन, पोलंडहून आलेला इंजिनिअर! व्हायवात 'समाजात अभियंत्याचे स्थान' वगैरे विचारलं तर हे नाव सांगून बघा. मार्कांची खात्री देत नाही.

हे कळल्यापासून 'ऐ मालिक' ऐकताना मला पटांगणाच्या जागी माळ दिसतो. त्या प्रार्थनेत वाईटापासून दूर राहण्याची जी भाषा आहे, ती सहावीतल्या पोरींच्या तोंडी जरा जास्तच होती. आमचं वाईट म्हणजे काय, तर डबा चोरून खाणं. ती खुनी माणसांसाठी लिहिलेली होती हे समजल्यावर तिचं माप नीट बसलं.

मराठीतही हा प्रकार आहेच. 'देहाची तिजोरी' घ्या. आमच्या कॉलनीत दर एकादशीला ते भजन म्हणून होतं, आणि ते संतांचं नाही असं मी म्हटलं तेव्हा शेजारच्या काकू माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पण ते जगदीश खेबुडकरांचं आहे, संगीत सुधीर फडक्यांचं, सिनेमा 'आम्ही जातो अमुच्या गावा', साल १९७२. आणि त्या सिनेमाचे नायक आहेत तीन चोर! आता नीट विचार करा, संतांच्या अभंगात तिजोरी कुठून येईल? चोराच्या गाण्यात मात्र तीच येणार. सिनेमा माहीत झाला की शब्द जागच्या जागी बसतो तो असा.

हे सगळं मी मजेत सांगतेय, कारण इथवर ती मजाच होती. 'इतनी शक्ती' मात्र मजेत गेली नाही.

मागच्या सेमिस्टरला सबमिशन संपल्याच्या शनिवारी आम्ही कॉमन रूममध्ये पिक्चर लावला. निवड मेकॅनिकलच्या फायनल इयरच्या ताईची होती. तिच्या आईचं माहेर लालबागचं, आणि आईनं सांगितलं होतं की नानाचा 'अंकुश' बघाच. १९८६ सालचा, एन. चंद्रांचा पहिला सिनेमा. आम्हाला वाटलं, नाना पाटेकर म्हणजे डायलॉगबाजी, टाळ्या, शिट्ट्या. वीस-बावीस जणी, दोन पातेली मॅगी, आणि जमिनीवर गाद्या.

गोष्ट साधी आहे. मुंबईतली चार तरुण पोरं. नोकरी नाही, उद्योग नाही. दिवसभर नाक्यावर बसायचं, कुणाशी तरी मारामारी करायची, घरी जाऊन शिव्या खायच्या. १९८२च्या गिरणी संपाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि लालबाग-परळला अशी पोरं शोधावी लागत नव्हती, असं ताईची आई सांगते. त्यांच्या वस्तीत अनिता नावाची मुलगी राहायला येते. तिच्या घरातून प्रार्थना सुरू होते, ती यांच्या कानावर पडते...

आणि आमच्या कॉमन रूममध्ये एकदम गलका झाला. "अगं, ही तर आमच्या शाळेची!" "ए, आमचीपण!" झेडपीच्या शाळेतली, आश्रमशाळेतली, इंग्लिश मीडियमची, माझ्यासारखी कॉन्व्हेंटची, सगळ्यांची तीच. रूममेटच्या शाळेत ती व्हरांड्यात सतरंजीवर बसून व्हायची, आमच्याकडे ताठ उभं राहून. पण चाल तीच, आणि डोळे मिटायचा नियमही तोच. निम्म्या पोरी पडद्याबरोबर गायला लागल्या. चार वर्षं एका मेसमध्ये जेवून आम्हाला जे जमलं नव्हतं ते तीन मिनिटांत झालं. कोण कुठल्या शाळेतून आली हा प्रश्नच उरला नाही. (पडद्यामागचे आवाज पुष्पा पागधरे आणि सुषमा श्रेष्ठ यांचे. संगीत कुलदीप सिंग यांचं आणि शब्द अभिलाष यांचे. अभिलाष २०२० साली गेले. त्यांचे शब्द रोज म्हणणाऱ्या आम्हा पोरींपैकी एकीलाही ते नाव माहीत नव्हतं.)

पुढे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. त्या मुलीवर अत्याचार होतो. ती जीव देते. कोर्टात गुन्हेगार सुटतात. मग ही चार पोरं त्यांना एकेक करून मारतात आणि चौघांना फाशीची शिक्षा होते. मॅगी पातेल्यात तशीच राहिली. मघाशी गाणाऱ्या पोरींपैकी कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पडद्यावर काहीही चालू असो, माझ्या डोक्यात मात्र ती सकाळची प्रार्थना पेटीसकट चालूच होती. बंद करायचं बटण सापडेना.

रात्री दोनपर्यंत भांडण झालं. चौघांनी केलं ते बरोबर की चूक? रूममेट म्हणाली, "प्रार्थनेत जी ताकद मागितलीये ती हे करायला लागू नये म्हणूनच तर मागितलीये." कॉम्प्युटरची एक जण उसळली, "कोर्टानं सोडून दिल्यावर काय करायचं मग? डोळे मिटून उभं राहायचं?" मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की त्या गाण्यातला 'शक्ती' हा शब्द मी दहा वर्षं तोंडात चघळला होता आणि त्याला वजन असतं हे मला आत्ता कळत होतं. रात्री साडेनऊच्या आत गेटमधून आत यायला आम्ही रोज ज्या रस्त्यानं धावतो, तो रस्ताही त्या शब्दात येऊन बसला.

ताई बराच वेळ गप्प होती. यंदा कंपन्या कमी आल्या, आणि मेकॅनिकलला मुली घ्यायच्या म्हटलं की त्यांचे इंटरव्ह्यू घेणारे शॉप फ्लोअरकडे बघून चुळबुळ करतात. तिनं दोन बायोडाटे असल्याचं तेव्हाच आम्हाला सांगितलं. एक तिनं केलेला, कंपन्यांसाठी. दुसरा घरच्यांनी केलेला, त्यात उंची आणि रास आहे. मग म्हणाली, "त्या पोरांना निदान नाका तरी होता गं. आपण बेकार झालो तर बसायचं कुठे?"

यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही. पोरींना नाका नसतो, हे खरंच आहे.

तेव्हापासून ती प्रार्थना माझ्यासाठी बदलली ती बदललीच. मी प्रयत्न करून पाहिला, नाही असं नाही. डोळे मिटून पटांगण आठवायचं, बूट पॉलिशचा वास आठवायचा, सिस्टरांच्या चाव्यांचा आवाज... सगळं येतं, पण पुसट. वर नाक्यावरची ती चार पोरं आणि ती मुलगी. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे पटेल. लोखंडाला एकदा चुंबकानं घासलं की चुंबक बाजूला नेलं तरी लोखंड पूर्वीसारखं होत नाही. हिस्टेरेसिस लूप परीक्षेत मला कधी धड काढता आला नाही, पण असा समजला.

इंग्लिशमध्ये याहून भयंकर उदाहरण आहे. 'सिंगिंग इन द रेन' हे गाणं १९२९चं, पण जगाला ते १९५२च्या सिनेमातल्या जीन केलीचं म्हणून माहीत. आम्ही चौथीच्या गॅदरिंगला त्यावर रंगीत छत्र्या घेऊन नाचलो होतो. १९७१ साली कुब्रिकनं 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मध्ये ते एका गुंडाच्या तोंडी घातलं. तो ते गात गात एका घरात शिरून नवरा-बायकोला मारहाण करतो. शूटिंगच्या वेळी अभिनेता माल्कम मॅकडॉवेलला तेच एक गाणं पाठ होतं म्हणे! मी तो सीन पाहिला आणि लॅपटॉप बंद केला. हा मात्र मला शुद्ध दरोडा वाटतो. माझ्या छत्र्या मला परत हव्या आहेत. 'अंकुश'नं जे नेलं ते मी परत मागणार नाही. त्यानं माझ्याकडून पटांगण नेलं, पण त्या जागी जे ठेवलं ते जास्त खरं आहे.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं, मी तिला काहीतरी नवीन सांगतेय. ती म्हणाली, "अगं, आम्ही लहानपणी बघितलाय तो. गणपतीत गल्लीत पडदा लावून दाखवला होता." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी गेटबाहेर उभी होते. आत तीच प्रार्थना सुरू झाली. मी रडायला लागले, तर वॉचमन म्हणाला, बाई, होईल सवय पोरीला." म्हणजे मी आत रांगेत उभी राहून जे गाणं पहिल्यांदा ऐकत होते, ते बाहेर आईच्या कानात आधीपासूनच दुसरं होतं. "माझ्यासाठी रडत होतीस की तिच्यासाठी?" मी विचारलं. "दोघींसाठी," ती म्हणाली आणि नेहमीप्रमाणे जेवलीस का वगैरेवर गेली.

आता ताजी बातमी. यंदाच्या गॅदरिंगला दीपप्रज्वलनाची प्रार्थना आमच्या हॉस्टेलकडे आली आहे. रेक्टर मॅडमनी सुचवलं, "ती म्हणा ना, इतनी शक्ती, सगळ्यांना येते." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. रूममेट म्हणाली, स्टेजवर आवाज फुटला तर शोभा होईल, 'हमको मन की' घेऊ. मत घेतलं. चौदा विरुद्ध सहा मतांनी 'इतनी शक्ती' ठरली. पहिला आवाज ताईचा, कारण तिच्याएवढा खर्ज कुणाचाच नाही. परवा तिचा पुण्याला इंटरव्ह्यू आहे, म्हणून मंगळवारची रिहर्सल आता गुरुवारी, साडेपाच वाजता. पेटी वाजवणारी कुणी असेल तर रूम नंबर बारामध्ये सांगा.