सुरीचे पाणी

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आजोळी, धारजवळच्या अमझेऱ्यास गेलो होतो. १७२८ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने येथेच माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला, ही हकीकत आजोबांकडून मी अनेकदा ऐकली होती. त्यामुळे पाते म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे तलवारच उभी राही. घरातल्या साध्या सुरीचा विचार मी कधी केलाच नव्हता.

गावाबाहेर गाडोलिया लोहारांचा मुक्काम पडला होता. आजीने भाजीची सुरी आणावयास पाठविले. लोहाराने ऐंशी रुपये सांगितले. मी घासाघीस करून साठांवर आणले आणि आपल्या हुशारीवर खूश झालो. सुरी तयार नसल्यामुळे मला तेथेच बसावे लागले.

जमिनीत खणलेल्या भट्टीवर माझ्याच वयाची एक मुलगी भात्याचे चाक फिरवीत होती. मोटारीच्या जुन्या कमानपट्ट्याचा तुकडा लालभडक होताच लोहाराने तो सांडशीने ऐरणीवर धरला आणि त्याच्या बायकोने घणाचे घाव घालण्यास आरंभ केला. तुकडा निवे, पुन्हा भट्टीत जाई. असे कितीतरी वेळा झाल्यावर पाते आकारास आले. मग कानशीने धार काढली.

खरी परीक्षा पुढेच होती. तापलेल्या पात्याची धार लोहाराने क्षणभर पाण्यात बुडविली व बाहेर काढून थोडी घासली. पाठीकडची उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागली. एकाएकी मुलगी ओरडली आणि त्याने पाते पुन्हा पाण्यात घातले. धारेवर गवती पिवळी छटा उतरली होती. थोडी घाई झाली तर धार ठिसूळ होऊन तुटते, उशीर झाला तर ती मऊ राहते. मला ती छटा दाखविल्यावरही नीट दिसली नाही!

ती कोणत्या इयत्तेत आहे, असे मी विचारले. ती शाळेत जात नव्हती. मुक्काम सतत हलत असे. मी खाली मान घालून ऐंशी रुपये दिले. परंतु वीस रुपयांनी मनाची टोचणी गेली नाही.

रात्री आजोबांनी सांगितले, की १५६८ साली चितोड पडल्यावर, घरात न राहण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे हे लोक मानतात. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना सन्मानाने चितोडगडावर नेले. पुढे पुस्तकात वाचले, की दूर फरगणा खोऱ्यातील चुस्त गावचे कारागीरही आपल्या प्रसिद्ध सुऱ्यांसाठी मोटारीचे जुने पट्टे वापरतात. आपला 'चाकू' हा शब्दही तुर्कीतून फारसीमार्गे आलेला.

परतताना धारला लाट मशिदीजवळ लोहस्तंभाचे तीन तुकडे पाहिले. तो अखंड असता तर सुमारे तेरा मीटर भरला असता. तापविलेले लोखंड घणाने सांधून तो घडविला. घडविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपणास ठाऊक नाही.

आजीची सुरी अजून उत्तम कापते. ती पाहिली, की मला त्या मुलीची आठवण होते. मला येणारी अक्षरे तिला येत नाहीत, हा दोष तिचा नव्हे. तिला वाचता येणारा रंग मला वाचता आला नाही, हे मात्र मी विसरू नये.