अभ्यासाचे कपडे

पन्नाशीच्या आसपासची बाई पुन्हा शिकायला निघाली, की तिचा विषय कोणता हे फारसं कुणी विचारत नाही. "मग कॉलेजला काय घालून जाणार?" हे मात्र जाऊ विचारते, शेजारीण विचारते, पोटची मुलगीही विचारते. प्रश्न वरवरचा वाटतो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. बाईचा वेळ कुणाचा आहे, हे आपल्या घरांत तिच्या अंगावरच्या कपड्यांवरून ठरतं. आणि शिकणाऱ्याला आधी वेळ लागतो, मग पुस्तक.

हे मला कळलं ते घरी अभ्यास करताना. माझं बी.ए. मुक्त विद्यापीठातून झालं. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं आणि कॉलेजची पायरी न चढलेल्या कितीतरी जणींना पदवीची वाट मोकळी झाली. अभ्यास घरी, संपर्कसत्र अभ्यासकेंद्रावर. केंद्रावर जाताना चांगला ड्रेस घालायचा आणि घरी पुस्तक उघडायचं ते गाऊनवर, असा सगळ्याच जणींचा रिवाज. गाऊन सुटसुटीत खरा, पण गाऊनवरची बाई घरादाराला मोकळी दिसते. समोर पुस्तक असो की वही, तिला हाक मारायला कुणाला संकोच वाटत नाही. कुकरच्या शिट्ट्या तिनेच मोजायच्या, कुरियरवाल्याला सही तिनेच द्यायची, कपाटातला शर्टही तिनेच शोधायचा.

एकदा बँकेत जायचं होतं. कपडे करून तयार होते, हाताशी वेळ होता, म्हणून पुस्तक घेऊन खुर्चीत बसले. बराच वेळ गेला तरी कुणाची हाक आली नाही. आई बाहेर निघाली आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्या दिवसापासून घरच्या घरी अभ्यासाला बसतानाही मी गाऊन बदलून कुर्ता घालू लागले. घरात वाद झाला नाही, कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कपड्यांनी माझ्या वतीने निरोप दिला.

विद्यार्थ्याचा वेश असा निरोप देतो, हे आपल्या परंपरेला चांगलं ठाऊक होतं. मुंजीतल्या बटूच्या कमरेला मुंज गवताची मेखला, अंगाला लंगोटी, हातात पळसाचा दंड. भिक्षावळीत पहिली भिक्षा आईच घालते. आज तो तासाभराचा सोहळा उरला असला, तरी त्यामागे एक करार आहे: हा पोर आता शिकणार, त्याच्या पोटाचं आपण बघू. माधुकरी मागून, वार लावून जेवून पुण्यात किती मुलं शिकली! त्यांच्या शिकण्याचा थोडा थोडा भार अनेक घरांनी उचलला. बाईसाठी असा करार कुणी केला नाही आणि म्हणून असा वेशही कुणी ठरवला नाही.

उलट, जो वेश होता तो तिला अडवणारा. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांना ऐन तारुण्यात वैधव्य आलं, तेही पदरी मूल असताना. केशवपन आणि आलवण त्यांना चुकलं नाही. त्या अवस्थेत, ज्या वयात बायकांनी शिकायचा विषयही निघत नसे त्या वयात, त्या अक्षरं गिरवायला बसल्या. पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. केशवपनाची रूढीही त्यांनी विचारपूर्वक सोडली. १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या असताना, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की आलवण त्या काळी एकच गोष्ट सांगत असे: हिचं आयुष्य संपलं आहे, हिने आता कोपऱ्यात बसावं. अंगावरचा कपडा असं सांगत असताना पाटी हातात घ्यायला केवढं बळ लागलं असेल!

आणि शंभरएक वर्षांनी, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ते बळ गावाने मिळून दिलं. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या. त्यांना गणवेश ठरला तो गुलाबी साडीचा. घरची, शेताची कामं उरकून दुपारी त्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन शाळेत निघतात, ती छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. पाहणाऱ्यांना त्यात कौतुक दिसलं. मला त्यात आणखी एक मोठी सोय दिसते. जन्मभर जिला कुणीही, कधीही कामाला हाक मारली, ती आजी आता गुलाबी साडीत रस्त्याने चालली की सगळ्या गावाला कळतं: ही शाळेत चालली आहे, हिला आता काही सांगायचं नाही.

एम.ए.ला विद्यापीठात जायचं ठरलं तेव्हा हे सगळं मनात होतं. कडक इस्त्रीची, पिना लावलेली कॉटनची साडी मला आवडते. पण ती नेसून वर्गात शिरलं की मुलं प्राध्यापक समजून उठून उभी राहतात आणि मग दिवसभर आपल्याशी जपून बोलतात. शिवाय बाकाला कुठेतरी खिळा वर आलेला असतोच, त्यात निऱ्या अडकतात. म्हणून सुती कुर्ते शिवायला टाकले आणि टेलरना खिसा लावायला सांगितला.

"ताई, लेडीज कुर्त्याला खिसा लावला की शिवण फुगते. फिटिंग जातं."

"जाऊ दे. चष्म्याची डबी बसली पाहिजे."

त्यांनी माझ्या हातातून डबी घेतली, टेपने लांबी-रुंदी मोजली, खडूने कापडावर तिरकी रेघ मारली आणि बोटभर खोली जास्त धरली. उजव्या शिवणीतल्या त्या खिशात चष्मा, पेन आणि ओळखपत्र मावतं. माझ्या पर्समध्ये घराच्या किल्ल्या, सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी, किराण्याची यादी, लाइट बिल असं सगळं घर असतं. खिशात फक्त अभ्यास असतो. तासाला बसले की पर्स बाकाखाली जाते आणि खिसा माझ्याजवळ राहतो.

सगळ्यांनी कुर्ताच घालावा, असं माझं म्हणणं नाही. वर्गातली एक मैत्रीण लग्न झाल्यापासून फक्त साडीत वावरलेली. तिने शिकायच्या निमित्ताने पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवला. तिला त्यात मोकळं वाटतं आणि तिची चालसुद्धा बदलली आहे. दुसरी एक नर्स आहे. ती रात्रपाळी संपवून युनिफॉर्म बदलून मगच वर्गात येते, कारण पांढऱ्या कपड्यांत तिच्याशी जो तो दुखण्याबद्दलच बोलतो. तिसरी नऊवारीत आली तरी शोभेल. वयाला काय शोभतं, तरुण मुलींसारखं दिसावं की न दिसावं, ही चर्चा मला इथे गैरलागू वाटते. कपडा कोणताही असो, तो स्वतः निवडलेला असावा, त्यात तासन्‌तास बसून लिहिता यावं आणि तो अंगावर असताना ही बाई विद्यार्थिनी आहे, हे आधी तिला आणि मग घराला पटावं, एवढंच मी बघेन.

येत्या जूनमध्ये ज्या कुणी प्रवेश घेणार असतील, त्यांना माझं सांगणं आहे: दोन जोड वेगळे काढा. लग्नकार्याच्या आणि रोजच्या कपड्यांत ते मिसळू नका, कपाटात त्यांना स्वतंत्र कप्पा द्या. घरी अभ्यासाला बसतानाही तेच घाला. आणि घरच्यांना सांगणं असं, की आई किंवा बायको त्या कपड्यांत दिसली, की तिच्याकडे काही मागू नका. चहा आपला आपण करून घ्या आणि तिच्यापुढेही एक कप ठेवा. शिकणाऱ्याला सांभाळायचं असतं, ही आपलीच रीत आहे; ती आता तिलाही लागू करू या.