यादीत मंडई नाही

शुक्रवार पेठ, पुणे
रविवार

चि. मनीस,


काल सकाळी दार वाजलं. हेल्मेट घातलेला एक पोरगा कागदी पिशवी पुढे करून म्हणाला, "आजी, तुमची कोथिंबीर." म्हटलं, मी मागवली नाही. तर म्हणे नाव तुमचंच आहे, पैसेही भरलेत. अगं, श्टुटगार्टला बसून तू मला कोथिंबीर पाठवलीस? मंडईच्या मागच्या गल्लीत जन्म गेलेल्या बाईला? गुडघे दुखतात हे मी तुला सांगितलं ते बोलायला काहीतरी हवं म्हणून. जिने चढून त्या पोराला धाप लागली होती. पाणी देत होते, तर तेही न घेता पळाला. एवढी कसली घाई असते कोथिंबिरीची?

आणि संध्याकाळी तुझ्या चिरंजीवांच्या भाषणाची यादी आली. "आत्या, जगातल्या देशांचे प्रश्न काढलेत त्याने, यातला सगळ्यात मोठा कुठला ते सांग." वाचली. जपान – म्हातारे. जर्मनी – निर्वासित. अमेरिका – बंदुका. श्रीलंका – कर्ज. भारत – लोकसंख्या. वैद्याने नाडीही न बघता पुड्या बांधून द्याव्यात तशी ती यादी आहे. भारतापुढे लोकसंख्या कुणी लिहायला सांगितलं त्याला? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. इथे शाळा पोरांअभावी ओस पडायला लागल्यात आणि तुम्ही अजून आमच्या वेळच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणावरच आहात. पण पोराला रागावू नकोस. तू वाचून तशीच पुढे पाठवलीस, त्याचा मला राग आहे.

सगळ्यात मोठा प्रश्न त्या यादीत नाहीच. तो असा, की राज्य करणाऱ्याला भाजीचा भाव माहीत नसतो. हसू नकोस. तुझे बाबाही हसायचे आणि मग पिशवी घेऊन मुकाट माझ्याबरोबर निघायचे.

जपानच्या कृषिमंत्र्यांचंच बघ. मे 2025 मध्ये तिथे तांदूळ वर्षभरात दुप्पट महाग झालेला, आणि हे ताकू एतो सभेत म्हणाले की मला तांदूळ कधी विकत घ्यावाच लागला नाही, समर्थक आणून देतात. तीन दिवसांत खुर्ची गेली. आता सांग, हा प्रश्न म्हाताऱ्यांचा की फुकट तांदळाचा? तुर्कस्तानात 2019 च्या फेब्रुवारीत सरकारने स्वतः भाजीचे तंबू टाकले, लोक रांगा लावून कांदे-बटाटे घेऊन गेले आणि मार्चमध्ये इस्तंबूल आणि अंकारा दोन्ही शहरं त्यांच्या हातून काढूनही घेतली.

ट्युनिशियाचा तो पोरगा मात्र मला विसरता येत नाही. मोहम्मद बुआझिझी, सव्वीस वर्षांचा, हातगाडीवर फळं-भाजी विकणारा. 17 डिसेंबर 2010 ला नगरपालिकेच्या लोकांनी त्याचा माल आणि तागडी उचलून नेली. तक्रार घेऊन गेला, कुणी दारात उभं केलं नाही. त्याने कचेरीसमोर पेटवून घेतलं. तो 4 जानेवारीला गेला, आणि दहा दिवसांनी तेवीस वर्षं राज्य केलेला राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला. आपल्याकडे अतिक्रमणाची गाडी आली की बुरुड आळीच्या तोंडाशी बसलेल्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन कशा पळतात, तू पाहिलंयस. त्यांतली एक तर तुझ्याच फ्रॉकच्या ओच्यात मिरच्या टाकून पळाली होती. पुढारी म्हणवणाऱ्याच्या अंगावर तेव्हा काटा यायला हवा. येत नाही.

आणि कांदा! 1980 च्या निवडणुकीत इंदिराबाईंनी कांद्याचा भाव जनता पक्षाच्या गळ्यात बांधला. 1998 ला दिल्लीत सुषमा स्वराजांचं सरकार गेलं त्यातही कांदा होताच. तेव्हापासून प्रत्येक सरकार शहरातल्या गिऱ्हाइकाला घाबरतं, तुझ्यामाझ्यासारखीला. भाव चढला की आपण ओरडतो आणि लगेच निर्यात बंद. डिसेंबर 2023 ला केली ती मे 2024 पर्यंत उठली नाही. भाव पडतो तेव्हा मात्र कुणालाच काही बंद किंवा सुरू करायची घाई नसते. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शीकडचा एक शेतकरी सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा घेऊन गेला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक. त्याच आठवड्यात इथे मंडईत आपण फुकट कांदा घेतला होता का? 2024 ला लोकसभेत दिंडोरी आणि नाशिक, कांद्याच्या दोन्ही जागा सत्तेतल्यांनी घालवल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या गाळ्यातल्या मावशी मला म्हणाल्या, "ताई, आम्हाला शिव्या गिऱ्हाइकाच्याबी आन् शेतकऱ्याच्याबी. मधे बसलोय ना." घाऊक बाजार गुलटेकडीला गेल्यापासून त्यांनाही खरं कळत नाही की शेतात काय भाव निघाला.

जोतीराव फुले उगीच चिडले नव्हते. पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा मंडईच्या या इमारतीवर एवढा पैसा घालू नका, तो गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांनी सांगितलं होतं. ऐकतो कोण? शनिवारवाड्यापुढचा बाजार उचलला आणि 1886 ला मनोऱ्याचं हे रे मार्केट उभं राहिलं, गव्हर्नराच्या नावाचं. पुढे अत्र्यांनी पुढाकार घेऊन त्याला फुल्यांचंच नाव दिलं. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याच्या नावाखाली बसून आपण जुडीमागे दोन रुपये कमी करा म्हणून घासाघीस करतो. मीही करते, आणि करणार.

पण घासाघीस करताना निदान तोंड तरी दिसतं गं समोरचं. आमच्या लहानपणी मंडई विद्यापीठ म्हणायचे ते काय उगाच? टिळकांच्या पुतळ्यापाशी सभा व्हायच्या, ऐकणाऱ्यांत वकील असायचा, हमाल असायचा, आणि अळूची जुडी हातात धरून तुझी आजी. 1972 च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा आजीनेही स्वयंपाकघरातलं लाटणं उचललं. आजोबा म्हणाले, आज पोळ्या कशाने लाटणार? ती म्हणाली, भाकरी थापीन. आता महागाई वाढली की आपण काय करतो? दुसऱ्या ॲपवर भाव बघतो.

आता तुमचं ऐक. तुझ्या मुलाने जर्मनीपुढे निर्वासित लिहिलंय. 2020 च्या एप्रिलमध्ये सगळं जग दारं लावून बसलं होतं, तेव्हा तुमच्या सरकारने शेतातली कामं अडू नयेत म्हणून रुमानियाहून मजूर विमानांनी आणू दिले. तू मला ज्याचं सूप पाजलंस ती पांढरी शतावरी अशाच हातांनी खणलेली असते. आणि त्याच देशात 2025 च्या निवडणुकीत, बाहेरच्यांना घालवा म्हणणारा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. लोकांना हात हवेत, त्या हातांची माणसं नकोत. त्याला विचार, हा प्रश्न निर्वासितांचा आहे का?

हे लिहिता लिहिता माझं लक्ष मात्र भलतीकडेच गेलंय. तूही तिथे बाहेरचीच. मागच्या वेळी फोनवर तू ट्राममधल्या कुणा माणसाचं काहीतरी सांगायला लागलीस आणि मध्येच "जाऊ दे" म्हणालीस. काय म्हणाला तो? मुलाच्या देखत म्हणाला का? तू विषय बदललास, आणि मी मूर्खासारखी दिवाळीच्या फराळावर बोलत राहिले असं समजू नकोस, मला ऐकू आलं होतं. रात्री कामावरून एकटी येतेस का अजून? तुमच्या त्या स्टेशनाचं खोदकाम संपता संपत नाही म्हणतात, तिथून अंधारात फिरून जावं लागतं का? नवऱ्याला न्यायला यायला सांग. त्याला सांगायला तुला संकोच वाटत असेल तर मी सांगते.

भाषणाचं म्हणशील तर त्याला शनिवारी तुमच्या जुन्या मार्केट हॉलमध्ये घेऊन जा. तिथे एका विकणाऱ्याशी त्याला स्वतः बोलू दे, तुझ्या मदतीशिवाय: टोमॅटो कुठून आला, कुणी तोडला, त्याला काय मिळालं. उत्तर येईल ते लिहू दे, भारतापुढचं खोडू दे. आणि ट्राममध्ये काय झालं ते मला लिहून कळव. फोनवर नको, फोनवर तू खोटं बोलतेस.

तुझी,
आत्या