आपल्या माणसाचे घर

परप्रांतात नोकरीची वर्षे काढणाऱ्या मराठी माणसाला एक खोड जडते. समोरच्याचे आडनाव ओळखीचे निघाले की त्याची चौकस बुद्धी रजेवर जाते. कचेरीत हाताखालच्यांचे टिपण तीनदा वाचल्याखेरीज आम्ही कधी सही केली नाही. पण भोपाळात घर घेतले ते मात्र डोळे मिटून. विकणारे गृहस्थ मराठी, गणेशोत्सवात दरवर्षी आरतीला आमच्या शेजारी उभे राहणारे. त्यांचे घर तपासायचे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा, असे आम्हांस वाटले.

१९९८ सालच्या मार्गशीर्षात खरेदीखत झाले. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. पुढच्या वैशाखात दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि तिरपी चढत खिडकीला भिडली. पावसाळ्यात ती मिटत आली, उन्हाळ्यात पुन्हा उघडली. तिकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. पाया उथळ असला की तिच्याबरोबर भिंतीही हलतात. गवंड्याने भेग खरवडली, तेव्हा रंगाखाली जुन्या सिमेंटचे तीन थर निघाले. विकणाऱ्या गृहस्थांची तिच्याशी ओळख आमच्या आधीची होती.

वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ काढून त्याचे ५५ वे कलम दाखविले. विक्रेत्याला ठाऊक असलेला, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. उलट करार नसताना तो न सांगणे हे कपट होय. २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकामातील दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर घातली. पण एका गृहस्थाने दुसऱ्यास विकलेल्या जुन्या घराला आजही आधार आहे तो १८८२ च्याच कायद्याचा. रंगाखालची भेग साधारण काळजीने सापडत नाही, दावा उभा राहील, असे वकिलांचे मत पडले. कपट उघडकीस आल्यापासून मुदत तीन वर्षांची. “आरतीला शेजारी उभे राहायचे आणि कोर्टात समोर?” असे घरातून विचारले गेले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात तीन वर्षे सरली.

यंदा आम्ही पुण्यास परतायचे ठरविले आणि घर विकावयास काढले. एक तरुण मराठी अधिकारी सपत्नीक येऊन गेले. दिवाळीत आम्ही भिंतींना रंग दिला होता. तो विकण्यासाठी नव्हे, असे आम्ही स्वतःस बजावीत होतो. चहा झाला, किंमत ठरली. निघताना ते म्हणाले, “काका, आपल्याच माणसाकडून घ्यायचे, मग त्यात बघायचे काय?”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पूर्वीच्या मालकांनी खोटे असे काहीच सांगितले नव्हते. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. कदाचित आम्ही विचारावे म्हणून तेही थांबले असतील. इतकी वर्षे आम्ही त्यांच्या नावाने बोटे मोडली, आणि आता तेच न विचारणारे गिऱ्हाईक आमच्या दाराशी आले होते. गप्प बसणे किती सोपे असते, ते आम्हांस प्रथमच कळले.

रविवारी आम्ही त्या दांपत्यास पुन्हा बोलाविले. कोपऱ्यातले कपाट सरकविले आणि किल्लीने रंग खरवडला. मातीचा गुण सांगितला, तीन थर सांगितले, आमचे वरचे दोनही सांगितले. ते बराच वेळ भेगेवरून बोट फिरवीत राहिले. मग म्हणाले, “इंजिनिअरला दाखवून कळवितो.” ‘काका’ हा शब्द या खेपेस आला नाही.

ते गेल्यावर सौभाग्यवतींनी खाली पडलेले पोपडे केरसुणीने गोळा केले. कपाट परत जागी लावू का, असे आम्ही विचारले. “राहू द्या तसेच. उद्या आणखी कोणी यायचे,” त्या म्हणाल्या.

अद्याप फोन आलेला नाही.