चारचाकीवाला श्रीमंत

गाडीचा विमा भरायची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. विमा नसेल तर पासिंग होत नाही, रस्त्यावर चलान फाटतं आणि फायनान्सवाल्याचे फोन सुरू होतात. माझी सतरा फुटी आयशर आहे. साडेसात ते बारा टन वजनाच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२च्या दराप्रमाणे २७,१८६ रुपये, वर कर वेगळा. एवढे पैसे मोजले की माझ्या गाडीने दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई होते. गाडीचा मालक स्वतःच चालवत असेल तर त्याचा १५ लाखांचा अपघात विमाही काढावा लागतो. पण ते पैसे मिळतात अपघातात जीव गेला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, डेंग्यू झाला, छातीत कळ आली, तर गाडीच्या फाईलमधला एकही कागद कामाला येत नाही.

आमच्या नाक्यावरच्या एका टेम्पोवाल्याला तशी कळ आली. २०२४ सालच्या सुरुवातीची गोष्ट. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत गेटबाहेर नंबर लावून बसला होता, घामाघूम झाला. पोरांनी उचलून जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला, पण बिल भागवायला टेम्पो विकावा लागला. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. मला तेव्हा शुगरची गोळी सुरू होऊन वर्ष झालं होतं. घरी बायको, दोन मुलं, गावाकडून आणलेली आई आणि गाडीचे हप्ते अजून बाकी. तेव्हापासून मी आरोग्य विम्याच्या मागे लागलो.

ज्या कंपनीचा माल मी भरतो, तिच्या गेटवरच्या वॉचमनकडे ईएसआयसीचं कार्ड आहे. घरात कुणी आजारी पडलं की तो उल्हासनगरच्या ईएसआयसी हॉस्पिटलात जातो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी ती सोय आहे. मी ट्रान्सपोर्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "तू माझा कामगार कुठे? तू गाडीमालक. तुला भाडं मिळतं, पगार नाही." त्याचंही खरं होतं. गाडीतला माल उतरवणाऱ्या नोंदीत माथाडीला १९६९च्या कायद्यामुळे मंडळ आहे. रिक्षा आणि मीटर टॅक्सीवाल्यांसाठी सरकारने आनंद दिघे साहेबांच्या नावाने कल्याणकारी मंडळ काढलं. ट्रकवाला यातल्या कुठल्याच रांगेत बसत नाही. ई-श्रम पोर्टलवर नाव घातलं, बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारी सुरक्षा विमा योजनाही घेतली. पण ते पैसे पुन्हा अपघाताचेच. आजारपणाचं कुणी बोलायला तयार नाही.

राहिली सरकारी योजना. २०१२ साली जीवनदायी आली तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती. २०१७ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, कार्डाचा रंग मात्र तोच राहिला. आमचं कार्ड पांढरं. घरात चारचाकी वाहन असेल तर केशरी कार्ड मिळत नाही, असा १९९९पासूनचा नियम आहे. त्यातून टॅक्सीवाल्याला सूट आहे, ट्रकवाल्याला नाही. म्हणजे बँकेच्या कर्जावरची गाडी माझ्या नावावर लागली त्या दिवशी मी सरकारदरबारी श्रीमंत झालो. गंमत म्हणजे आयकराच्या नियमाप्रमाणे माझ्यासारख्या गाडीचं उत्पन्न महिन्याला किमान ७,५०० रुपये धरतात, वर्षाचे झाले ९०,०००. केशरी कार्डाची मर्यादा एक लाखाची. एका खात्याच्या हिशेबाने मी केशरीत बसतो आणि दुसऱ्याच्या हिशेबाने पांढऱ्यात. आजारी पडायचं तर कुठल्या खात्याच्या हिशेबाने पडायचं?

१ जुलै २०२४पासून हा घोळ सरकारनेच मिटवला. फुले योजना सगळ्या रेशनकार्डांना लागू झाली आणि दीड लाखाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेली. मी एका दुपारी गाडी रिकामी करून योजनेतल्या एका हॉस्पिटलात गेलो. दरवाजातून आत गेल्यावर डाव्या हाताला आरोग्यमित्राचं टेबल होतं. पंचविशीतली मुलगी, समोर कॉम्प्युटर, बाजूला झेरॉक्सचा ढीग. तिने माझं कार्ड हातात घेतलं आणि पहिलंच विचारलं, "काका, धाकट्याचं नाव कुठंय यात?" मुलगा सातवीत गेला तरी त्याचं नाव कार्डावर चढलेलं नव्हतं. मग तिने बायकोचं आधार बघितलं. तिथे माहेरचं नाव, कार्डावर सासरचं. "आत्ता करून घ्या," ती म्हणाली, "पेशंट आयसीयूत असताना माणसं या कागदांसाठी पळतात." पुढचे काही दिवस शिधावाटप कार्यालय आणि आधार केंद्र यांच्यात गेले, पण दोन्ही कामं झाली.

तिच्याकडून आणखी दोन गोष्टी कळल्या. एक, योजनेतले उपचार ठरलेले असतात. मी गेलो तेव्हा ते १,३५६ होते. आजार यादीत हवा आणि हॉस्पिटलही यादीत हवं. शेजारच्या मोठ्या इमारतीवर कितीही झळकती पाटी असली तरी ते योजनेत नसेल तर कार्ड चालत नाही. म्हणून आमच्या पट्ट्यातली योजनेतली हॉस्पिटलं आधीच विचारून ठेवायची. १५५३८८ या नंबरवर माहिती मिळते. दुसरी गोष्ट आमच्या धंद्याची. माझी गाडी वापी, अंकलेश्वरपर्यंत जाते आणि फुले योजनेची हॉस्पिटलं महाराष्ट्रातली. तलासरीच्या पुढे गुजरातेत गेल्यावर काही झालं तर काय, याचं उत्तर तिच्या टेबलावर नव्हतं.

म्हणून स्वतःची पॉलिसी घ्यायची ठरवली. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात माझ्या गाडीचा विमा काढणारा एजंट आहे. त्याच्याकडे गेलो. आमच्या धंद्यात कुठल्याही खर्चाचं माप टायर. दहा लाखांची भारी पॉलिसी शुगरचा जादा हप्ता धरून तीन टायरांच्या भावाला पडत होती. तेवढं झेपणार नव्हतं. मग त्याने 'आरोग्य संजीवनी' दाखवली. विमा नियामकाने २०२०पासून सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेली ही पॉलिसी. अटी सगळीकडे सारख्या, त्यामुळे हप्ता आणि कंपनीची हॉस्पिटलं एवढंच ताडून बघायचं. पाच लाखांची, चौघांची मिळून, दीड टायरात बसली.

स्वस्त आहे तर कुठेतरी कात्री असणारच. बिलातले पाच टक्के आपण भरायचे. खोलीभाडं विम्याच्या रकमेच्या दोन टक्के, फार तर दिवसाला ५,००० रुपये. त्याहून महाग खोली घेतली तर नुसतं भाडंच नाही, बिलातल्या इतर खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. अंबरनाथ-बदलापुरात साधी खोली या मर्यादेत मिळते, मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात अवघड आहे. मला इथलंच बघायचं होतं.

एजंट फॉर्म भरत होता. आजारांच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "भाऊ, शुगर कशाला लिहायची? हप्ता वाढेल, नाहीतर कंपनी पॉलिसीच देणार नाही. गोळीच तर खाता." मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेली बायको म्हणाली, "दादा, आज नाही म्हणाले तर पैसे आमच्याच खिशात राहतील. हॉस्पिटलात असताना नाही म्हणाले तर मी काय करू?" एजंट हसला आणि त्याने शुगर लिहिली. कंपनीने रक्ताचा रिपोर्ट मागवला, हप्ता वाढवला आणि पॉलिसी दिली. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की खोटेपणा सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती उकरून दावा फेटाळता येत नाही. ज्याने खरं लिहिलंय त्याला त्या नियमाचा खरा आधार.

खरं लिहूनही थांबावं लागतंच. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू अशा नेमून दिलेल्या आजारांना दोन वर्षं, आधीच असलेल्या शुगरसारख्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. इथे दोन कागद एकमेकांना पूरक ठरतात. सरकारी योजनेत थांबायचा काळ नाही, म्हणून ही तीन वर्षं शुगरपायी काही मोठं निघालं तर फुले योजनेतलं हॉस्पिटल गाठायचं. राज्याबाहेर, किंवा यादीत नसलेल्या आजारासाठी पॉलिसी. आणि साध्या तापाला, ड्रेसिंगला सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं फुकट आहे. अंबरनाथचं छाया हॉस्पिटल आणि उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, दोन्ही त्यात येतात. गर्दी असते, डबा घेऊन जायचं.

आईचं वेगळं केलं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला पॉलिसीत घेतलं असतं तर हप्ता कुठल्या कुठे गेला असता. २९ ऑक्टोबर २०२४ला सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांचं. तिथे फक्त आधार लागलं. रेशनकार्डाचा रंग कुणी विचारला नाही.

शेवटचं राहिलं ते कमाईचं. हॉस्पिटलचं बिल विमा भरेल, पण पाय प्लास्टरात असताना गाडीचा हप्ता कोण भरणार? त्यासाठी 'सरल सुरक्षा' नावाचा अपघात विमा आहे, हाही सगळ्या कंपन्यांत सारखाच. त्यात थोडे जास्त पैसे भरून एक जोड घेता येते. अपघाताने काम पूर्ण बंद झालं तर दर आठवड्याला विम्याच्या रकमेच्या ०.२ टक्के मिळतात. दहा लाखांवर आठवड्याचे दोन हजार. ड्रायव्हर म्हटल्यावर हप्ता कारकुनापेक्षा जास्त लागतो, तरी मी तो घेतला.

२०२५च्या पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला आणि पॉलिसी पहिल्यांदा वापरली. बदलापुरातल्या एका हॉस्पिटलात कॅशलेस मंजूर झालं. सोडायच्या दिवशी मात्र सकाळी डॉक्टरांनी घरी जा म्हटलं आणि संध्याकाळ झाली तरी काउंटरवरचा माणूस "कंपनीचा मेल आला नाही" एवढंच सांगत होता. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा नियामकाचा २०२४चा नियम आहे. मी तो मोबाईलवर काढून त्याच्यासमोर धरला आणि मेल नेमका किती वाजता पाठवला ते दाखवा म्हटलं. तेव्हा कळलं, हॉस्पिटलने कागद दुपारी उशिरा पाठवले होते. बिलातले पाच टक्के आणि ग्लोव्हज, थर्मामीटर असल्या किरकोळ वस्तू खिशातून गेल्या. बाकीचं कंपनीने भरलं.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास नूतनीकरण आलं. २२ सप्टेंबर २०२५पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा हप्ता हलका झाला. तारीख मी मुद्दाम सणाच्या हंगामातली ठेवली आहे. तेव्हा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून भाडी जोरात असतात आणि गाडीचा विमा नि टॅक्स दुसऱ्या महिन्यांत येतात. तरी दर फेरीच्या भाड्यातून थोडे पैसे बायकोकडे जातात. माझ्याकडे राहिले तर डिझेलात जातील.

आता नाक्यावर पोरं विचारतात, पॉलिसी कुठली घेऊ? मी सांगतो, आधी रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं चढवा, फुले योजना फुकट आहे. मग पॉलिसी घ्या, आणि आजार लपवू नका. बाकी सरकारकडे माझं एकच म्हणणं आहे. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा अपघात विमा कायद्याने घ्यायला लावता येतो, तर त्याच खिडकीत, त्याच पावतीवर आम्हा एका गाडीच्या मालकांचा गटविमाही निघू शकेल. आम्ही कुठे आहोत हे शोधायची गरज नाही. पासिंगला त्यांच्याच दारात उभे असतो.